स्नायूंना पेन्शन नसते

(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



सोसायटी पंचवीस वर्षांची झाली, म्हणजे आपलंही वय तेवढंच वाढलं! म्हणून आज डॉक्टर या नात्याने पुरुषमंडळींशी थोडं बोलतो.

आपल्याकडे दोन तऱ्हेचे आजोबा आहेत. काहींनी आसनगावहून लोकल पकडून तीस-पस्तीस वर्षं मुंबईत खुर्चीवर बसून नोकरी केली. काही शहापूर-मुरबाडच्या खेड्यांतून मुलांकडे राहायला आले. त्यांची हयात लावणी, कापणी, झोडणीत गेली.

कामाची छाप शरीरावर पडते. डॉ. जेरी मॉरिस यांनी 1953 साली लंडनच्या दुमजली बसमधल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता.

आता पुण्याचं उदाहरण. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचाही बीएमआय 22.3, पण चरबी युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2! युडकिन मॅरेथॉन धावायचे. याज्ञिकांनी गमतीनं लिहिलं की, आपला व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी ती गाठणं. फरकाला इतरही कारणं आहेत. पण आपण भारतीय दिसायला सडपातळ असलो तरी आत चरबी असू शकते. वजनकाट्याला ती दिसत नाही.

जेवणानंतर रक्तातली बरीच साखर स्नायू उचलतात. स्नायू झडले की साखर रेंगाळते, तोल जातो, आणि बाथरूममधलं एक पडणं माणसाला अंथरुणाला खिळवतं.

शेतकरी आजोबांनो, तुम्हीही गाफील राहू नका. शेत मुलाच्या हाती देऊन सोफ्यावर बसलात की कमावलेली ताकद ओसरते. स्नायूंना पेन्शन नसते! त्यात ताटात भाताचा ढीग आणि आमटी पाण्यासारखी पातळ. घट्ट डाळ, उसळ, दूध, अंडी किंवा सुकट रोज पोटात जाऊ द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

खुर्चीवाल्यांनीही निराश होऊ नये. सत्तरीतसुद्धा व्यायामाने स्नायूंची ताकद वाढते. घरी गेल्यावर हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. शेजारी कुणी उभं असू द्या. आशियाई तज्ज्ञांच्या 2019 च्या निकषानुसार 12 सेकंद किंवा जास्त लागले तर तपासणी करून घ्या. हीच उठबस रोजचा व्यायाम म्हणूनही चांगली.

आता लिफ्टचा ठराव. मी त्याच्या बाजूने हात वर करणार आहे. गुडघे गेलेल्या, दम लागणाऱ्या माणसाला तिसऱ्या मजल्यावर कोंडून ठेवणं बरं नाही. पण लिफ्ट आल्यावरही ज्यांना झेपतं त्यांनी कठड्याला धरून एक मजला तरी जिन्याने चढावा. जिन्याला मेन्टेनन्स लागत नाही, हे आपल्या खजिनदारांनाही पटेल!