कोणाचा रे तूं?

(वसमत तालुक्यांतील एका खेड्याच्या पालकसभेंत शिक्षकानें केलेलें भाषण)



गांवांत नवें पोर दिसलें कीं आपण विचारतों, "कोणाचा रे तूं?" तें बापाचें नांव सांगतें, आडनांव सांगतें, आपण जात ओळखतों आणि पुढें चालूं लागतों. लहानपणीं एवढें उत्तर पुरतें. चौदा-पंधराव्या वर्षीं तेंच पोर मनाशीं विचारूं लागतें, मग मी स्वतः कोण? तेव्हां तें उलट बोलतें, केंस निराळे ठेवतें, घरापेक्षां मित्रांत रमतें. आपण म्हणतों, पोर बिघडलें!

ह्या वयाचा अभ्यास करणारे एरिक्सन नांवाचे मोठे पंडित १९०२ सालीं जर्मनींत जन्मले. खरा बाप कोण, हें त्यांना कधींच कळलें नाहीं. सावत्र बापाच्या नांवानें वाढले आणि अमेरिकेंत गेल्यावर 'एरिक्सन' हें आडनांव त्यांनीं आपलें आपणच घेतलें. 'मी कोण' हें ह्या वयाचें मुख्य कोडें, असें त्यांनींच सांगितलें.

आपल्याकडचा दाखला त्याहून जुना आहे. पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत मुक्ता साळवे ही मांग समाजाची १४ वर्षांची मुलगी शिकत होती. ती कोण, हें जगानें तिच्या जन्माआधींच ठरवून ठेवलें होतें. १८५५ सालीं तिचा निबंध 'ज्ञानोदय' पत्रांत छापून आला. त्यांत आपल्या आयाबहिणी छपराविना बाळंत होतात, हें तिनें मांडलें. आणि वेद आम्हांस वर्ज्य, तर आमचा धर्म तरी कोणता, असा रोकडा सवाल केला. शाळेनें तिला अक्षर दिलें, आणि मुख्य म्हणजे तिचें ऐकून घेतलें.

आतां माझी गोष्ट. माझ्या वर्गांत सुताराचा मुलगा होता. बाक मोडला कीं मी त्यालाच हांक मारीत असें. एकदां 'मी' ह्या विषयावर निबंध दिला. त्यानें लिहिलें, गुरुजी मला बाकापुरतें ओळखतात, माझें गणित त्यांनीं पाहिलेंच नाहीं. माझी मान खालीं गेली. सुतारकींत कमीपणा मुळींच नाहीं. पण त्याच्या वतीनें उत्तर मींच देऊन टाकलें होतें. हल्लीं हातोडी मी धरतों. खिळे वांकडे बसतात, तें असो.

मुलींचें उत्तर तर त्याहून घाईनें दिलें जातें. हळद काढण्याच्या दिवसांत नववीची मुलगी गैरहजर राहते, आणि एखादी परत येते ती लग्न ठरल्याची बातमी घेऊनच. कायद्याचीं १८ वर्षें कोणी मोजीत नाहीं.

यंदाच्या निबंधाच्या वह्या येत्या शनिवारीं तुमच्या घरीं येतील. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांनीं पोराकडूनच वाचून घ्याव्या. मात्र तें वाचीत असतां मध्यें बोलूं नये.