घरी बांधलेल्या विमानाच्या हवाई कसरती



अमेरिकेत हौशी नागरिकाने घरच्या गॅरेजमध्ये बांधलेले विमान ‘प्रायोगिक’ या वर्गात मोडते. त्याचा अर्ध्याहून अधिक भाग शिक्षण वा मनोरंजन या हेतूने हौशी हातांनी घडविलेला असावा, ही त्यासाठीची मुख्य अट होय. कारखान्यात तयार होणाऱ्या विमानाचा आराखडा शासन तपासून मान्य करते. या विमानाच्या आराखड्याला तशी मान्यता नसते. मग असे विमान आकाशात कोलांटी घेणार असेल, तर त्या कोलांटीला कायद्याची संमती देतो कोण?

संघीय विमान वाहतूक प्रशासनाचा अधिकारी वा प्रतिनिधी विमानाची पाहणी करतो आणि प्रमाणपत्रासोबत उड्डाणाच्या मर्यादा लेखी घालून देतो. मात्र या विमानाने कोणत्या कसरती कराव्यात, याची यादी तो देत नाही. ती वैमानिकाने चाचणीत सिद्ध करावयाची असते. चाचणीचा पहिला टप्पा, इंजिन व पंखा यांची प्रमाणित जोडी असल्यास, साधारणतः २५ तासांचा आणि नसल्यास ४० तासांचा असतो. उड्डाणे नेमून दिलेल्या क्षेत्रातच होतात. चाचणीच्या कामास आवश्यक नसलेल्या कोणालाही सोबत नेता येत नाही. विमान नीट ताब्यात राहते असा पुरेसा अनुभव आल्यावरच लूप, रोल, स्पिन यांसारख्या कसरती करून पाहावयाच्या. जी समाधानकारक ठरेल ती, आरंभीच्या वेगासह, विमानाच्या नोंदवहीत लिहून वैमानिक सही करतो. जिची नोंद नाही ती कसरत त्या विमानास वर्ज्य. पुढे ती करावयाची झाल्यास विमान पुन्हा चाचणीच्या टप्प्यात न्यावे लागते. नोंदीचे मोल कचेरीतील मंडळींना सांगावयास नको. येथे मात्र आधी नोंद आणि मग काम, असे चालत नाही.

वेगाची नोंद उगाच मागितलेली नाही. वेग अपुरा असल्यास लूपच्या माथ्यावर विमानाचा जोर संपतो. अधिक असल्यास खालून वर घेताना पंखांवर भार वाढतो. अमेरिकेतील जुन्या मानकांनुसार कसरतीचे प्रमाणित विमान वजनाच्या सहापट भार सोसू शकले पाहिजे, तर साध्या विमानास ३.८ पट पुरे. घरच्या विमानाचा भरवसा आराखडाकाराने सांगितलेल्या मर्यादेवर आणि बांधणाऱ्याच्या हातावर.

खरी मेख वजनात आहे. दुसरा माणूस मागे बसला की पुष्कळ विमानांचा गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि एकट्याने घेतलेल्या चाचणीत सहज सुटलेला स्पिन तेव्हा सुटेलच असे नाही. म्हणून चाचणीच्या वेळचे वजन व गुरुत्वमध्य हेही नोंदवहीत असावे लागतात. शहाणा वैमानिक मागच्या आसनावर वजन बांधून टप्प्याटप्प्याने हेही पडताळतो.

याखेरीज सर्व विमानांना लागू असलेले नियम आहेतच. दाट वस्ती वा उघड्यावरील जनसमुदाय यांच्यावर कसरत करता येत नाही. उंची १,५०० फुटांहून आणि दृश्यमानता ३ मैलांहून कमी असता कामा नये. वैमानिकाखेरीज कोणी विमानात असेल, तर कसरतीपूर्वी सर्वांनी हवाई छत्री बांधलीच पाहिजे. एकट्या वैमानिकास ही सक्ती नाही. तरीही चाचणीच्या दिवसांत अनेकजण ती स्वेच्छेने बांधतात.