तक्रार लेखीच द्या



अपंगत्वामुळे बढती नाकारली की आपली माणसे साहेबांकडे तोंडी गाऱ्हाणे मांडतात. आम्ही बँकेतील कारकून सांगतो, कागदावर नाही ते घडलेच नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २३ नुसार प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी हवा. राष्ट्रीयीकृत बँकाही त्यात आल्या. या अधिकाऱ्याने तक्रार नोंदवहीत घ्यायची आणि नोंदणीपासून दोन आठवड्यांत चौकशी करायची. नोंदच नसेल तर मुदत मोजणार कशी? म्हणून अर्ज द्या, पोच घ्या. समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समितीकडे जा. विद्यार्थ्यांनो, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज तुम्ही लिहून द्या, एवढीच विनंती.