आठशे मीटर आणि त्याआधीचं सगळं

(भोर येथे झालेल्या युवतींच्या शिबिरात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



ताईंनी मघाशी विचारलं की पोलीस भरतीची तयारी कोण करतंय, तेव्हा निम्म्याहून जास्त हात वर झाले. ‘घरी माहीत आहे का?’ म्हटल्यावर त्यातले काही खाली आले. म्हणून माझ्या विषयाची सुरुवात तिथूनच करते. लांब पल्ल्याच्या धावण्याचा सराव कसा करावा हे सांगायला मला बोलावलंय. पण पहाटे साडेपाचला रस्त्यावर यायला मिळालं, तरच सराव होणार ना?

आठशे मीटर हे अंतर तुम्हाला पाठ आहे. मैदानी परीक्षा पन्नास गुणांची, त्यात वीस गुण या धावण्याला. बाकी शंभर मीटर आणि गोळाफेक. वीसपैकी वीस हवे असतील तर २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत यायचं. मुलांना हेच धावणं १६०० मीटर. आपल्याला निम्मं का, हा प्रश्न तुमच्यापैकी कुणी कधी विचारलाय? सवलत मिळाली म्हणून आपण गप्प बसतो.

या आठशे मीटरला इतिहास आहे. १९२८ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रिया पहिल्यांदा हे अंतर धावल्या. जर्मनीच्या लीना राड्केनं ते २ मिनिटं १६.८ सेकंदांत कापलं, तो जागतिक विक्रम होता. शर्यत संपल्यावर काहीजणी धापा टाकत खाली बसल्या. पुरुषही बसतात. पण वर्तमानपत्रांनी बायका कोसळल्याच्या बातम्या रंगवल्या, आणि ही शर्यत स्त्रियांसाठी बंद झाली, ती थेट १९६० पर्यंत. तोवर ऑलिंपिकमध्ये बाईनं एकटीनं धावायची हद्द दोनशे मीटर! त्याच वर्षांत आपल्याकडच्या बाया डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन घाट चढत होत्या. ते कुणाला झेपेनासं वाटलं नाही. स्त्रियांच्या मॅरेथॉनला ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ उजाडावं लागलं.

आता सरावाकडे वळते. तुमची सर्वांत मोठी चूक सांगू? तुम्ही रोज जीव तोडून धावता. रोज घड्याळ लावून आठशे मीटर, रोज काल्याच्या वेळेशी झुंज. महिन्याभरात नडगी दुखते, गुडघा सुजतो, मग ‘मला जमत नाही’ म्हणून घरी. आठशे मीटरला लागणारी निम्म्याहून जास्त ताकद श्वासातून येते, आणि श्वास वाढतो तो सावकाश, लांब धावून. सावकाश म्हणजे किती? शेजारच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, इतकं. आठवड्यातले तीन दिवस असं पाच-सहा किलोमीटर. एक दिवस वेगाचा, तोही तुकड्यांत. मैदानावर दोनशे मीटर मोजून चुन्यानं खूण करा. ते बेचाळीस सेकंदांत धावा, दोन मिनिटं चाला, पुन्हा धावा. सुरुवातीला चार वेळा, पुढे आठ. बेचाळीसच का? चार बेचाळीस मिळून २ मिनिटं ४८ सेकंद होतात, म्हणून. पायाला तो वेग पाठ झाला की भरतीच्या दिवशी पहिल्या चारशेत उधळायला होत नाही. माझ्या पाहण्यात जितक्या मुलींचे गुण गेले, त्यातल्या बहुतेकींचे पहिल्याच फेरीत गेले.

पाचवा दिवस चढाचा. पाबे घाट आहे, वरंधा घाटाचा रस्ता आहे. अशा कुठल्याही चढावर हळू पळत जा आणि उतरताना चाला. उतारावर पळण्यानं गुडघ्यांना जास्त मार बसतो. उरलेले दोन दिवस विश्रांती.

विश्रांती म्हटल्यावर हसलात. मलाही कळतं. वेल्ह्याकडची (आता राजगड तालुका म्हणायचं) एक मुलगी माझ्याकडे सरावाला यायची. जूनपर्यंत छान धावत होती, आषाढात तिची वेळ रोज वाढायला लागली. मी तिला आळशी म्हटलं. मग कळलं की ती सकाळी धावून गेल्यावर दिवसभर वाकून रोपं काढत होती, चिखलात लावणी करत होती, संध्याकाळी पाणी आणि भाकऱ्या. माझी चूक होती आणि ती मी तिच्याजवळ कबूल केली. शहरातल्या पुस्तकांतली वेळापत्रकं ज्यांना दिवसभर बसून काम आहे त्यांच्यासाठी असतात. आपण लावणीचा दिवस म्हणजे सरावाचाच दिवस धरायचा, तोही कठीण. लावणीच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा अर्धा तास हळू धावलं तरी पुष्कळ. बाईचं काम कुणी कामात मोजत नाही. आपण ते सरावाच्या वहीत तरी मोजू. दोन रकाने करा, किती धावले आणि घरात-शेतात काय केलं.

ही मुलगी एकदा मैदानावर चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला, तेव्हा हे एकटीचं नाही. रक्तात लोह नाही तर स्नायूंना प्राणवायू पोचत नाही, मग कितीही सराव करा. म्हणून पहिली पायरी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. गोळ्या दिल्या तर लिंबू-पाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. चहा जेवणानंतर तासाभरानं. नाचणीची भाकरी, मटकी, हरभरे, शेंगदाणे-गूळ, पालेभाजी, चालत असेल तर अंडी आणि सुकट. आणि शेवटी उरेल ते खायचं, ही रीत मोडा. त्यावर घरात भांडण होईल. होऊ द्या.

काही शिकवणारे मुलींना वजन उतरवा, कमी खा म्हणतात. त्यांचं ऐकू नका. पोटाला कमी आणि पायांना जास्त झालं की पाळी थांबते. काहीजणी ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणतात. ती कटकट जात नाही, हाडं ठिसूळ होत जातात. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरकडे जा. एरवी पाळीत धावायला काही हरकत नाही. ज्या दिवशी फार दुखतं त्या दिवशी चाला.

साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओला तीन हजार मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत धावली, दहावी आली. नाशिककडच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. यांची नावं भाषणात घेतली की टाळ्या पडतात. बारामतीला नवऱ्याच्या उपचारासाठी अनवाणी, लुगड्यात धावलेल्या साठीपुढच्या लता करे यांच्यावर तर चित्रपट निघाला. त्यांच्या जिद्दीला माझा नमस्कार. पण उपचाराच्या पैशासाठी म्हातारीला शर्यत का जिंकावी लागते, हा प्रश्न टाळ्यांत हरवतो, त्याचं मला वाईट वाटतं.

कुणीतरी चिठ्ठी पाठवलीय की ट्रायथलॉन म्हणजे काय. पोहणं, सायकल आणि धावणं, एकामागून एक. ऑलिंपिकमध्ये दीड किलोमीटर पोहायचं, चाळीस सायकल, दहा धावायचं. सायकल आपल्यापैकी बऱ्याचजणींना येते. पोहता किती जणींना येतं? तीन हात. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, इतकी धरणं आपल्या उशाला. मुलगे उन्हाळाभर पाण्यात असतात आणि मुली काठावर कपडे धुतात. मे २०२२ मध्ये याच भाटघरच्या पाण्यात पाच जणी बुडाल्या, ते तुम्ही विसरला नसाल. शर्यत राहू द्या, पण पोहणं शिकवायची मागणी ग्रामसभेत लेखी द्या. शिकवणारी बाई हवी, हेही त्यात लिहा.

राहिला रस्त्याचा प्रश्न. अंधार, कुत्री, आणि मोटरसायकलवरून कट मारत जाणारी पोरं. एकटी धावू नका म्हणणं मला आवडत नाही, कारण रस्ता आपलाही आहे. तरी सुरुवातीला चारजणी मिळून निघा, चौघींच्या घरी सांगायलाही सोपं जातं. एका गावात आम्ही आयांनाच पहाटे मैदानावर चालायला आणलं. आठवड्यात शेरेबाजी थांबली, आणि दोन आया आता मुलींपेक्षा नियमित येतात.

उद्या सकाळी साडेपाचला शाळेच्या मैदानावर जमू. चुना मी आणते, दोरी कुणीतरी आणा. बूट नसतील त्यांनी गवतावर अनवाणी धावायचं. येताना मूठभर शेंगदाणे-गूळ आणि पाण्याची बाटली. पाळी चालू असेल त्यांनीही यायचं.