बोट आपलं, वेळ भुताची

कोरियात भुताच्या गोष्टींचा हंगाम उन्हाळ्याचा. अंगावर काटा आला की उकाडा कमी जाणवतो, अशी तिथली समजूत. २०११च्या उन्हाळ्यात ‘नेव्हर’ या कोरियन संकेतस्थळाच्या वेबटून (ऑनलाइन चित्रकथा) विभागात वेगवेगळ्या चित्रकारांच्या गूढकथांची एक मालिका आली. तिच्यात होरांग हे टोपणनाव घेतलेल्या चित्रकाराच्या दोन कथा होत्या. एक सोलच्या ओक्सू स्टेशनावरची, दुसरी बोंगचोन-दोंग वस्तीतली. या दुसरीबद्दल आज जरा सविस्तर बोलायचंय.

वेबटून उभं असतं. पान उलटायचं नाही, बोटाने वर सरकवत जायचं. इथेच भयकथेची पंचाईत होते. धारप-मतकरींसारख्या भयकथाकारांच्या पुस्तकात पुढच्या पानावर काय दडलंय ते पान उलटेपर्यंत दिसत नाही. स्क्रीनवर मात्र भूत हप्त्याहप्त्याने येतं: आधी केस, मग कपाळ, मग डोळे. घाबरट वाचक बोट थांबवतो, केसांवरूनच अंदाज बांधतो आणि सावध होतो. म्हणजे काळाची दोरी वाचकाच्या हातात.

होरांगने ती दोरीच हिसकावली. रात्री घरी परतणाऱ्या शाळकरी मुलीला पुढे एक बाई दिसते, हातपाय वेडेवाकडे टाकत चाललेली. आपण सावकाश खाली जात असतो. एका ठिकाणी पान आपोआप धावू लागतं. चौकटी झरझर सरकतात, हाडं मोडल्यासारखा कडकड आवाज येतो आणि बाईची मान आपल्याकडे वळलेली असते. सगळा खेळ क्षणभराचा. पुढे ती ‘माझं मूल कुठंय’ विचारते, मुलगी घाबरून कुठेतरी बोट दाखवते, बाई निघून जाते. सुटलो, असं वाटतं न वाटतं तोच ती परत धावत येते!

माझ्या मते खरी करामत आवाजाची नाहीच. लोकलमध्ये फोन मुका करून वाचणाराही दचकतो, कारण बोट त्याचं असून पान त्याचं ऐकत नाही. शिवाय बाकीच्या सगळ्या चौकटी निमूट, स्थिर असतात, म्हणूनच ते एक-दोन क्षण चालतात. पुढे असे भयसंग्रह उन्हाळ्यात वरचेवर येऊ लागले. हलणारी चित्रं, किंकाळ्या, वाऱ्याचा घोंघाट, सगळं आलं. वाचकही शहाणा झाला. ‘आवाज सुरू करा’ अशी पाटी दिसली की तो खांदे आवळूनच खाली उतरतो. दारावरची बेल वाजवून येणाऱ्या चोराला कोण भिणार? दहा ठिकाणी काहीतरी हलवणाऱ्या कथेपेक्षा एक-दोनदाच हलणारी कथा मला कधीही उजवी वाटते.

ओक्सू स्टेशनाच्या कथेवर २०२३मध्ये चित्रपट निघाला. पटकथेला ‘रिंग’ चित्रपटाची पटकथा लिहिणारे जपानी लेखक हिरोशी ताकाहाशी यांचा हात होता. माणसं तयारीची, पण होरांगची ही युक्ती तिथे लागू पडण्यासारखी नव्हती. थिएटरात बसलेल्या प्रेक्षकाच्या हातात दोरी आधीपासूनच नसते. त्याच्याकडून हिसकावणार काय?