शिट्टी वाजल्यानंतर
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



सैन्यभरतीविषयी बोलावे अशी आज्ञा झाली, म्हणून उभा आहे. शाळेत एन.सी.सी. माझ्याकडे असल्यामुळे मुले येऊन विचारतात, "सर, सोळाशे मीटर किती वेळात धावायचे? बीम किती मारायचे?" प्रश्न योग्यच आहेत. परंतु भरती झाल्यावर आत मन कसे टिकवायचे, हे कोणीच विचारीत नाही. आणि माझ्या पाहण्यात तरी, पायांपेक्षा मन अगोदर थकते.

आत काय होते? नाशिक रोडचे तोफखाना केंद्र घ्या, बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे घ्या, की खडकीचे बॉम्बे सॅपर्सचे घ्या. पहाटे अंधारात शिट्टी वाजते. केस बारीक, कपडे सर्वांचे सारखे. पी.टी., ड्रिल, हत्यारांचा अभ्यास, पुन्हा ड्रिल. चूक एकाची आणि रगडा सगळ्या तुकडीला. नव्या मुलाला वाटते, हा तर जुलूम आहे.

तो जुलूम का नाही, हे हवालदार अब्दुल हमीद यांच्याकडे पाहिले म्हणजे कळते. गाझीपूर जिल्ह्यातील धामूपूरचा, वडिलांना शिवणकामात मदत करणारा हा मुलगा १९५४ साली ग्रेनेडियर्समध्ये भरती झाला. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण भागात जीपवरील तोफेने त्यांनी शत्रूचे रणगाडे फोडले आणि तेथेच ते शहीद झाले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. त्या तोफेचा बार उडाला की मागे झोत आणि धूळ उठते, आणि जागा शत्रूला कळते. म्हणून बार काढायचा, लगेच जागा बदलायची, पुन्हा नेम धरायचा. समोरून रणगाडा येत असताना विचार करायला सवड कोठली? तेथे सवयीने हातच चालावे लागतात. ती सवय मैदानावरच्या कंटाळवाण्या सरावातून येते.

आता माझी फजिती सांगतो. एन.सी.सी.च्या कामासाठी आम्हा शिक्षकांनाही प्रशिक्षणास जावे लागते. पहिल्याच आठवड्यात बुटाची नाडी लोंबत होती, म्हणून उस्तादांनी सर्वांदेखत मला फैलावर घेतले. मी बी.ए., बी.एड.! वर्गात माझ्यापुढे मुले चूप बसतात, आणि हा माणूस मला बोलतो? दोन दिवस मी धुमसत राहिलो, आणि त्या रागात आणखी चार चुका केल्या. शेवटी शेजारच्या खाटेवरचे एक वयस्क शिक्षक म्हणाले, "अहो मास्तर, ते तुमच्या नाडीला बोलले. तुम्ही उगीच स्वतःवर का घेता?" त्या रात्री मला शांत झोप लागली.

विद्यार्थी मित्रांनो, पहिली गोष्ट हीच. दरडावणे चुकीसाठी असते; चूक सुधारा आणि विसरा. दुसरी, महिने मोजू नका. सकाळी दुपारच्या जेवणापर्यंतचाच विचार करा, दुपारी संध्याकाळच्या हजेरीपर्यंतचा. तिसरी, एकट्याने पुढे जाऊ नका. सोबत्याचे किट बांधायला हात लावा; उद्या तो तुमचे बांधील. चौथी, दुखणे लपवू नका. नडगी सतत ठणकत असेल, मन फार खचले असेल, तर वेळीच सांगा. सब्र म्हणजे दुखणे अंगावर काढणे नव्हे.

आता पालकांसाठी दोन शब्द. माझा एक विद्यार्थी धावण्यात सर्वांच्या पुढे असे. भरती झाला. तिसऱ्या आठवड्यात घरी फोन केला आणि रडला. अम्मीही रडल्या. "बेटा, जमत नसेल तर ये निघून," म्हणाल्या. तो आला. पुढे कितीतरी दिवस मला पाहून तो रस्ता बदलीत असे. मी त्या माउलीला दोष देत नाही. पोराचे रडणे कोणत्या आईला ऐकवेल? चूक माझीही होती. मी त्याला धावायला शिकवले, पण तिसऱ्या आठवड्यात असे रडू येते आणि बहुधा ओसरतेही, हे ना त्याला सांगितले, ना त्याच्या घरी. म्हणून आज सांगतो. असा फोन आला तर ऐकून घ्या आणि म्हणा, "आज जेव, झोप, उद्या पुन्हा बोलू." आणि एखादा खरोखरच परत आला, तर त्याला टोमणे मारू नका.

तयारी घरातूनच व्हावी. पहाटे उठणे, आपले अंथरूण आपण काढणे, ताट आपण धुणे, हे मुलग्यांनाही लावा. शिक्षणही सोडू देऊ नका. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निवीर योजनेत नोकरी चार वर्षांची आहे, आणि पुढे कायम होणारे जास्तीत जास्त चौथा हिस्सा. परत येणाऱ्याच्या हाती शिस्तीबरोबर पुस्तकही हवे.

प्रशिक्षणाच्या अखेरीस कसम परेड होते. तेथे कुराण शरीफ, गीता, गुरु ग्रंथसाहिब, बायबल यांच्या साक्षीने जवान शपथ घेतात, आणि आईबाप समोर बसून पाहतात. आपल्या शाळेतील एखाद्या मुलाची अम्मी त्या रांगेत बसलेली मला पाहायची आहे.

 खुदा हाफिज. जय हिंद.