हिरव्या पानांवर विसंबू नका
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीगोंद्याकडे कागदी लिंबाच्या बागा पुष्कळ. आमचीही एक लहानशी आहे. तीन वर्षांपूर्वी चैत्रात आमच्याच शेळीनं दावं तोडलं आणि दोन रोपांची साल ओरबाडून खाल्ली. ही रोपं वडिलांनी जाण्याआधीच्या पावसाळ्यात लावलेली. एका रोपाची निम्मी साल शाबूत होती. दुसऱ्याची मात्र खोडाभोवतीची चार बोटं पट्टी साफ गेली होती.

आई म्हणाली, "पाला हिरवा आहे, दोन्ही जगतील." पण हा हिरवेपणा फसवा असतो. मुळांनी घेतलेलं पाणी आतल्या लाकडातून वर चढतं, म्हणून पानं टवटवीत दिसतात. पानांनी केलेलं अन्न मात्र सालीतून खाली जातं. साल चहूबाजूंनी तुटली की मुळं उपाशी राहतात आणि साठा संपला की झाड वाळतं.

पहिल्या रोपाची लोंबती साल स्वच्छ, धारदार चाकूनं घट्ट सालीपर्यंत कापली. जखम खरवडली नाही. नवी साल तिथल्याच पातळ थरातून येते. शेजारचे काका शेणमातीचा लेप लावायला सांगत होते. पण लिंबाच्या बुंध्याशी ओल राहिली की डिंक्या रोगाला वाव मिळतो. म्हणून बोर्डो पेस्ट लावली. फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास द्राक्षवेलींसाठी निघालेलं हे औषध. १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून एकत्र करायचे. पाणी एकूण एक लिटर. त्यात लोखंडी पातं बुडवून पाहावं. तांबूस थर चढला तर आणखी चुना घालावा. ठिबकची नळीही बुंध्यापासून दूर सरकवली.

दुसऱ्या रोपाला जखमेच्या वरखाली काड्या जोडून पूल कलम करता येतं, पण माझा हात त्यात बसलेला नव्हता. ते रोप बियांपासूनचं होतं. जखमेखाली कापलं तरी फुटणार लिंबूच. कलमी मोसंबीला असं करू नये. कलमाच्या जोडाखालून फुटतो तो जंगली खुंट.

हिरवं झाड कापायला आईचं मन धजेना. "त्यांनी लावलंय रे," एवढंच म्हणाली. मी दोन दिवस थांबलो आणि तिसऱ्या दिवशी करवत चालवली. महिन्याभरात खालून तीन फुटवे आले. जोमदार एक ठेवला.

यंदा पहिल्या झाडाला लिंबं लागली. दुसरं अजून मागे आहे, पण उभं आहे. आणि भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपणही आहे. ते आधीच घालायला हवं होतं.